सागाच्या पापुद्र्यांचा उन्हाळा

काल सकाळी मागच्या खोलीतून कूलर ओढत बाहेर आणला. ताट्यांमधलं मागच्या वर्षीचं कुजकं गवत उपसून टाकलं, नवं दाबून भरलं, टाकीत पाणी सोडलं आणि बटण दाबलं. पहिली दोन मिनिटं नुसती घरघर आणि धूळ. मग ओल्या गवताचा थंड, थोडासा शेणाकडे झुकणारा वास कारखानाभर पसरला. मी मशीनसमोरच्या स्टुलावर बसून राहिलो. हातात कुणाच्या तरी देवघराची नक्षी होती, ती अर्धवटच राहिली.

वर्ध्याच्या उन्हाळ्याबद्दल प्रेमानं बोलणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही. दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात, ऑटोवाले लिंबाखाली पाय लांबवतात, आणि लोखंडी शटरला हात लागला तर चटका बसतो. मीही इतरांसारखाच कुरकुर करतो. पण या वासानं पाच वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा परत येतो, आणि तो आला की कुरकुर आपोआप थांबते.

माझा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. त्यात लाकूड कापणारं एक सीएनसी मशीन, एक संगणक आणि नामदेवकाका. कॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा मी मारतो. मशीन त्या रेघांवरून लाकूड कापतं. नामदेवकाका त्या कापलेल्या लाकडाला माणसात आणतात. कडा घासणं, सांधे बसवणं, पॉलिश, सगळं त्यांचं. तरुणपणी ते बैलबंड्या, म्हणजे बैलगाड्या, करायचे. बंड्यांचं काम संपलं तसे ते माझ्याकडे आले, आणि पहिल्याच दिवशी मशीनकडे पाहून म्हणाले, "हे कापते चांगलं, पण याले लाकूड समजत नाई."

त्या वर्षी मला एक खूळ लागलं होतं. देवघरांवर लावायच्या सागाच्या विनिअरचे तुकडे उरायचे. विनिअर म्हणजे कागदाहून थोडासाच जाड असा लाकडाचा पापुद्रा. हे पापुद्रे एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून वाकवले तर त्यांची चष्म्याची फ्रेम होते, असं मी कुठंतरी पाहिलं होतं. एका अखंड फळीतून कापलेली फ्रेम लाकडाच्या रेषेत मोडते. पापुद्र्यांची मोडत नाही, कारण प्रत्येक थराची रेष वेगळ्या दिशेनं धावते आणि एकमेकांना धरून ठेवते. मी तशा दोन-तीन फ्रेम केल्या. दिसायला झकास होत्या. मोठ्या शहरांतल्या दुकानांत त्या जातील, माझं नाव होईल, असं काय काय मनात यायचं. गावातल्या गिरीभाऊंचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांनी मैत्रीखातर दोन फ्रेम काचेच्या कपाटात ठेवल्या. लोक बघायचे, हातात घ्यायचे, "लाकडाची हाय का?" म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

मार्च संपता संपता गिरीभाऊंचा फोन आला. "दोघीजणी पाठवून राह्यलो तुह्याकडं. माह्याकडचं काहीच बसत नाई त्याइले. तू पाह्य."

तासाभरात ऑटो थांबला. सविता पुढे होती. सेवाग्रामच्या दवाखान्यात कामाला जाणारी, तिशीची, भरभर बोलणारी. तिचा हात धरून मागून तिची आई आली, शेवंताबाई उईके. आष्टीकडच्या जंगलाला लागून त्यांचं गाव. पन्नाशी ओलांडलेली बाई, काटक, ताठ चालणारी, पण पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपणारी. उजव्या बाजूनं पदर तोंडावर ओढून घेतलेला.

"जोहार भाऊ," त्या म्हणाल्या, आणि आवाजाच्या अंदाजानं माझ्याऐवजी नामदेवकाकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सवितानं सांगितलं ते असं. आठ वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत, शेवंताबाई पहाटे मोहाची फुलं वेचायला गेल्या होत्या आणि त्यांच्यावर अस्वल आलं. उजवा कान गेला. नाकाचं हाड मोडलं ते तिरकं जुळलं. डोळे वाचले, पण उजव्या डोळ्याच्या बुबुळावर ओरखडा राहिला. पुढे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. त्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि नीट झालं होतं. पण जुन्या व्रणामुळे चष्म्याशिवाय सगळं धुरकट दिसणार होतं. नंबर तिरका होता. म्हणजे काच डोळ्यासमोर ठरलेल्या कोनातच राहायला हवी, जराशी फिरली किंवा घसरली तर चष्मा असून नसल्यासारखा. आणि बाजारातला प्रत्येक चष्मा दोन कानांवर आणि एका सरळ नाकावर बसण्यासाठी केलेला असतो. धातूची फ्रेम उन्हात तापून व्रणाला चटके द्यायची. प्लास्टिकची जड फ्रेम घामानं घसरायची. लवचिक पट्टा बांधून पाहिला, तर काचा पापण्यांना टेकल्या.

"मी तिले म्हटलं, माह्याकडं राह्य, खोलीवर," सविता म्हणाली. "तं आयकत नाई. एकटी राह्यते. चूल पेटवते. परवा पदर पेटता पेटता वाचला. म्या सांगून ठेवलं हाय, चष्मा झाला तं ठीक, नाईतं पावसाच्या आंधी घराले कुलूप लावतो आन् घेऊन येतो."

शेवंताबाई लेकीशी गोंडीत दोन वाक्यं बोलल्या. सविताचा चेहरा उतरला. काय म्हणाल्या, असं मी विचारलं नाही, पण थोड्या वेळानं सवितानंच सांगितलं. "म्हनते, तुह्या खोलीत मी कोनाचे काटे काढू?"

गावात शेवंताबाई काटे काढायच्या. जंगलात जाणाऱ्या माणसाच्या पायात बोरीचा, बाभळीचा काटा मोडणं रोजचंच. सलत राहिला की लोक त्यांच्या ओट्यावर येऊन पाय पुढे करायचे. त्या सुईनं अलगद उकरून काटा बाहेर काढायच्या, रक्ताचा थेंब न येऊ देता. आसपासच्या तीन गावांतून माणसं यायची. डोळे धुरकटले तसं ते थांबलं. आता लोक येत नव्हते, आणि आले तरी त्या पाय चाचपून परत पाठवायच्या.

खरं सांगायचं तर मी नाही म्हणणार होतो. मनातल्या मनात म्हणूनही झालं होतं. कारण कॅडमध्ये चष्मा काढायची माझी रीत अगदी सोपी होती. अर्धीच फ्रेम काढायची. एक डोळा, नाकाची अर्धी कमान, एक काडी. मग मधोमध उभी रेघ मारून 'मिरर' ही आज्ञा द्यायची. दुसरा अर्धा भाग आपोआप उमटतो, रेघेला रेघ जुळलेला. या चेहऱ्याला ती आज्ञा चालणार नव्हती. "अवघड आहे," मी म्हटलं. "माझं काम एवढं बारीक नाही."

नामदेवकाका कोपऱ्यात पॉलिश करत होते. बोळा खाली ठेवून म्हणाले, "काऊन नाई जमत? जू कराचं असलं तं आमी बैलाचा खांदा पाह्याले जाऊ. दोन बैल कधी सारखे राह्यते का? एकाचा खांदा उंच, एकाचा दबलेला. जू दोन्ही कडून येगळंच तासा लागते. तसं नाई तासलं तं बैलाले खांदा येते." खांदा येणं म्हणजे जुवानं मान सोलवटून गळू होणं. मग ते शेवंताबाईंकडे वळले. "बाई, बसा. माप घेऊ."

मापासाठी शेवंताबाईंना पदर काढावा लागला. त्यांनी तो काढला, आणि माझा हात जागीच थांबला. त्यांना ते धुरकटातही कळलं असावं. "भेऊ नका भाऊ," त्या म्हणाल्या, "आता दुखत नाई."

माप घेण्याची युक्ती काकांची. विजेच्या वायरीतली जाड तांब्याची तार त्यांनी सोलून काढली. ती शेवंताबाईंच्या कपाळावरून, कानशिलावरून, डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत हलक्या हातानं वाकवत नेली. मग तशीच उचलून आलेख-कागदावर ठेवली आणि पेन्सिलीनं रेघ ओढली. अशा नऊ रेघा. नाकाच्या दोन बाजूंच्या वेगळ्या, गालाच्या हाडांच्या वेगळ्या. मी त्या कागदाचा फोटो संगणकात घेतला आणि त्यावरून कॅडमध्ये रेघा गिरवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मधली उभी रेघ मारली नाही.

तार वाकवली जात असताना शेवंताबाई आपणहून अस्वलाची गोष्ट सांगत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तेबी मोहच वेचाले आलतं भाऊ, मीबी मोहच वेचाले गेलती. अंधार होता. दोघंबी खाली मान घालून वेचून राह्यलो होतो. एकदम समोरासमोर आलो. तेबी भेलं, मीबी भेली." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याचे पंजे मोठे, म्हनून मले जास्त लागलं."

मग एप्रिल सुरू झाला. लाकूड वाकवायला उन्हाळ्यासारखा वाईट ऋतू नाही. पापुद्रे वाळून पापडासारखे कुरकुरीत होतात, हात लावला की चिरतात. दोन डब्यांतला ग्लू एकत्र केला की भर दुपारी तो वाटीतच उकळायला लागतो आणि पुढच्या क्षणी दगड होतो. पहिल्या दोन फ्रेम अशाच गेल्या. मग आम्ही वेळ बदलली. सकाळी साडेपाचला शटर उघडायचं. ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळलेले पापुद्रे मऊ झालेले असायचे. त्यांना अर्धा तास कूलरसमोर कोरडं होऊ द्यायचं, म्हणजे ओल निघून जाते पण ताठरपणा परत येत नाही. साच्याचे दोन भाग मशीननं कापलेले, एक फुगीर, एक खोलगट. मध्ये सहा पापुद्रे ग्लू लावून रचायचे, वर दुसरा भाग ठेवायचा आणि काकांनी शिकंजे आवळायचे. प्रत्येक फेऱ्याला ते कान लावून लाकडाचा आवाज ऐकायचे. साडेसहापर्यंत सगळं उरकायचं. नंतर बाहेर दुधवाल्याची सायकल, चहा, आणि हळूहळू तापत जाणारा पत्रा.

तिसरीपासून सहावीपर्यंतच्या फ्रेमनी मला लाकडाचा स्वभाव शिकवला. संगणकात काढलेला बाक आणि साच्यातून निघालेला बाक एक नसतो. साच्यातून काढलं की लाकूड जरा उलगडतं. जुनी सरळ सवय त्याला आठवते. मग जेवढा बाक हवा त्याहून थोडा जास्त साच्यात द्यायचा, आणि ते 'थोडं' किती हे कुठलंही पुस्तक सांगत नाही. दर वेळी उलगडलेली काडी कागदावर ठेवायची, फरक मोजायचा, साचा पुन्हा काढायचा, पुन्हा कापायचा. उजवी काडी सगळ्यात अवघड. तिला अडकायला कान नव्हता. म्हणून ती डोक्याच्या कडेनं मागे जाऊन, मानेच्या वरच्या उंचवट्याला हलकेच कवेत घेईल अशी वाकवायची होती. घट्ट झाली तर दुखणार, सैल झाली तर निसटणार.

दर आठ-दहा दिवसांनी सविता आईला घेऊन यायची. शेवंताबाई स्टुलावर बसायच्या, आम्ही बिनकाचेची फ्रेम चढवून पाहायचो. त्या कधीच कंटाळल्या नाहीत. "नाकाच्या डाव्या बाजूनं टोचते," "आता टोचत नाई, पन मागून उचलते," असं नेमकं सांगायच्या. बोटांच्या टोकांनी त्या फ्रेमचा कुठला भाग कुठे जास्त घासला गेला आहे हे ओळखायच्या. काका एकदा मला हळूच म्हणाले, "या बाईले लाकूड समजते."

नववी फ्रेम मला जमली असं वाटलं होतं. काकांनी पॉलिशचा शेवटचा हात दिला होता. सागाची रेष दोन्ही काचांच्या वरून वाहत गेल्यासारखी दिसत होती. शेवंताबाईंच्या चेहऱ्यावर ती चढवली, मागची काडी बसवायला किंचित ताणली, आणि नाकापाशी कट्कन आवाज झाला. फ्रेमचे दोन तुकडे माझ्या हातात राहिले. शेवंताबाई दचकून मागे सरकल्या, हात आपोआप चेहऱ्यापुढे गेले. तो आवाज त्यांना कशाची आठवण देऊन गेला असेल, हे मला फार उशिरा सुचलं.

सविता म्हणाली, "राहू द्या आता भाऊ. तुमी लय केलं. मे सरून राह्यला. मी तिले घेऊनच जातो."

शेवंताबाईंनी अंदाजानं हात पुढे केला. मी दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "इथं लाकूड उभं हाय," त्या म्हणाल्या. "आडवं पायजे होतं नं?"

काका ताडकन उठले. खरंच होतं. नाकाच्या अरुंद कमानीत मी सगळे थर जवळजवळ एकाच दिशेनं ठेवले होते, वरून रेष छान दिसावी म्हणून. दिसण्याच्या हौसेपायी जोडच कच्चा राहिला होता. मी लाजलो. सविताला म्हटलं, "पंधरा दिवस द्या. फक्त पंधरा."

ती आईकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पंधराच हं भाऊ."

दहावीत कमान टिकली, पण काच बसवायची खाच मशीननं एका बाजूला खोल काढली. अकरावी फ्रेम जूनच्या तोंडावर, एका बुधवारी तयार झाली. नाकापाशी आतून दोन आडवे पापुद्रे जास्तीचे होते. वजन इतकं कमी की तळहातावर ठेवली तर वाळलेलं पान ठेवल्यासारखं. काकांनी ती शेवंताबाईंना चढवली, त्यांना मान हलवायला सांगितली, खाली वाकायला सांगितलं, खोकायलाही सांगितलं. फ्रेम हलली नाही. शेवंताबाई हसल्या. "घातला हाय का काढला, मले समजतच नाई," त्या म्हणाल्या.

काचा बसवायला आम्ही सगळेच गिरीभाऊंच्या दुकानी गेलो. दुकानात पाऊल ठेवलं आणि मी चरकलो. चष्म्याचं दुकान, भिंतभर आरसे असतात. पण त्या दिवशी सगळे आरसे वर्तमानपत्राच्या कागदांनी झाकलेले होते. सवितानं आधीच फोन करून सांगितलं होतं, की आईनं आठ वर्षांत आरसा पाहिलेला नाही. गिरीभाऊंनी सकाळी एकट्यानं टेबलावर चढून एकेक कागद चिकटवला होता. गिऱ्हाईक आलं की म्हणत होते, रंगकाम चालू हाय.

गिरीभाऊंनी काचा कोनात बसवल्या, दोनदा तपासल्या आणि चष्मा शेवंताबाईंच्या चेहऱ्यावर ठेवला. त्या हलल्या नाहीत. डोळे मिटलेले. मग हळूच उघडले. आधी स्वतःचे हात पाहिले, उलटसुलट करून. मग सविताचा चेहरा. तिच्या कपाळावरचा केस बोटानं मागे सारला आणि गोंडीत काहीतरी म्हणाल्या. सविता रडायला लागली. त्यांनी मान वळवली, दुकान पाहिलं, आणि भिंतीकडे पाहून विचारलं, "हे कागदं काऊन लावले?"

गिरीभाऊ चाचरले. "रंग... रंगकाम हाय बाई."

"तिथं आरसा हाय," शेवंताबाई म्हणाल्या. उठल्या, न चाचपता चार पावलं चालत गेल्या, आणि कागदाचा कोपरा धरून ओढला. सविता उठायला गेली, काकांनी तिला खुणेनं थांबवलं.

त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. व्रणावरून बोट फिरवलं, जिथं कान नव्हता तिथं हात ठेवला, तिरक्या नाकाला हात लावला. त्यावर माझी सागाची कमान तितकीच तिरकी बसलेली होती. आम्ही चौघं मागेच उभे. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "मले वाटलं होतं अस्वलानं काईच ठेवलं नसन. लय ठेवलं की त्यानं."

त्या वर्षी शेवंताबाईंच्या घराला कुलूप लागलं नाही. आजही त्या गावातच राहतात. ओट्यावर लोक पाय पुढे करून बसतात, त्या सुई घेऊन बसतात. दर दिवाळीनंतर चष्मा घेऊन येतात. काका बिजागऱ्यांना तेल देतात, घामानं उडालेलं पॉलिश पुन्हा चढवतात. मोठ्या शहरांतल्या दुकानांत माझी एकही फ्रेम गेली नाही. पण गिरीभाऊ अधूनमधून कुणाला ना कुणाला पाठवतात. जन्मतः एक कान नसलेली शाळकरी मुलगी, चेहऱ्याच्या ऑपरेशननंतरचे एक मास्तर. जास्त नाहीत, वर्षाला सात-आठ. प्रत्येकाची तांब्याची तार वेगळी वाकते. जे काही मला येतं ते त्या अकरा फ्रेमनी शिकवलं, आणि त्या घडल्या त्या नामदेवकाकांच्या कानामुळे आणि शेवंताबाईंच्या अंगठ्यामुळे. देवाला हात जोडताना माणूस नेमकं कुणाला जोडतो, माहीत नाही. मी या दोघांना जोडतो.

त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. आरशासमोरून वळल्यावर शेवंताबाई माझ्यापुढे येऊन थांबल्या. अडीच महिने मी त्यांचा चेहरा मिलिमीटर-मिलिमीटरनं मोजत होतो. नाकाचा बाक, गालाचं हाड, कानशिलाचा उतार, सगळं मला पाठ होतं. त्यांनी मला एकदाही पाहिलेलं नव्हतं. मी त्यांच्यासाठी एक आवाज होतो आणि एक धुरकट ठिपका.

"तुमीच का ते भाऊ?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मले वाटलं, म्हातारा मानूस असन. दर खेपेले 'जमेल का, जमेल का' करत होते." सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. दोन पावलं जवळ आल्या, मान थोडी तिरपी केली आणि माझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहिला. इतकं निरखून माझ्या आईनंतर मला कोणी पाहिलं नसेल. मी लहान मुलासारखा उभा राहिलो. कुठं बघावं कळेना.

"बरे दिसता," त्या म्हणाल्या, आणि सविताचा हात न धरता दुकानाच्या पायऱ्या उतरून उन्हात गेल्या.